एक मूठ कमी

१

कानबाई बसायच्या दिवशी कानबाईच घरात नव्हती.

उधन्यातल्या रामदासआप्पा बोरश्यांच्या देव्हाऱ्यात पितळी पेटी उघडी पडली होती आणि आत काहीच नव्हतं. खानदेशातून सुरतेला आलेलं माणूस वर्षभर लूमच्या खडखडाटात कान बहिरे करून घेईल, पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला घरी कानबाई बसवायचीच असते. तिची मूर्ती नसते. पिढ्यान् पिढ्या जपलेलं एक नारळ असतं, त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, की ती देवी. सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची आणि परत आणून तांबड्या फडक्यात बांधून ठेवायची. आप्पांचं नारळ त्यांच्या आजीने धुळ्याकडून लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. आता फडकंही नव्हतं.

घर साधं असतं तर गोष्ट घरातच राहिली असती. पण आप्पा सात वेळा निवडून आलेले धारासभ्य, म्हणजे आमदार. त्यांच्या कानबाईला लिंबायत, पांडेसरा, पार कोसाडपासून माणसं यायची. गल्लीत मंडप पडला होता, स्पीकर सकाळपासून घसा खरवडत होता, आणि संध्याकाळी गांधीनगरहून पक्षाचे निरीक्षक येणार होते. आरती झाली की आप्पा आपल्यामागे कोण ते सांगणार, असं ठरलं होतं.

हर्षदा आप्पांच्या बहिणीची मुलगी. पन्नाशीला टेकलेली, कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी. तिचा नवरा कधीच सोडून गेला होता. जाताना आडनाव तेवढं विसरला, ते ती अजून वापरत होती. घरातलं काही हरवलं, कुणी रुसून गेलं, कुणाचं बोलणं तुटलं की बोरसे मंडळी तिलाच फोन करत.

"ताई, चोरी इंदुबाईने केली," आप्पांचा मुलगा भूपेंद्र तिला दारातच म्हणाला. "देवघराची साफसफाई तीच करते. दुसरं कोण जाणार आत?"

"दुसरा मी," सोफ्यावरून त्याचा चुलतभाऊ महेश म्हणाला. महेश नगरसेवक होता आणि तिकिटाच्या रांगेत भूपेंद्रच्या पाठीला चिकटून उभा होता. "बोल ना भाई, मनात आहे ते. कामवालीच्या अंगावर कशाला ढकलतोस?"

"चार वाजता पी.आय. साहेब बंदोबस्त बघायला येतायत. तेव्हा तिला त्यांच्याच ताब्यात देतो. पोलीस स्टेशनला गेली की बोलेल."

इंदुबाईला वॉचमनच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. दिवाळीनंतर तिच्या ज्योतीचं लग्न होतं. आई पोलीस स्टेशनला गेलेली मुलगी कोण करून घेतो, हे तिच्या वस्तीत, बमरोलीत, कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आप्पा खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली नाही. गालांवर पांढरे खुंट वाढले होते. तापात असतानाही दाढी करून बाहेर पडणारा माणूस.

"ब्लेडची अॅलर्जी झालीय पपांना," भूपेंद्र म्हणाला.

हर्षदा देवघरात गेली. पेटीशेजारच्या ताटात देवीची नथ होती, मंगळसूत्र होतं, चांदीचे डोळे होते. सगळं जागच्या जागी.

चोराने सोनं ठेवलं होतं आणि म्हातारं, पाणी आटलेलं नारळ नेलं होतं.

२

वॉचमनच्या खोलीत पंखा नव्हता. इंदुबाई खाटेच्या कडेला अशी बसली होती, जणू खाट मळेल.

"वकीलबाई, म्या देवाला हात लावत नाही. फरशी पुसते अन् बाहेर येते."

"शेवटची कधी पुसलीस?"

"मंगळवारी. बुधवारपासनं मामी नको म्हणल्या. देवघरात जाऊच नको म्हणल्या."

"का?"

"त्यांचा गुडघा दुखतो म्हणून."

"त्यांचा गुडघा दुखला तर तू का नाही जायचं?"

इंदुबाईने पहिल्यांदाच वर पाहिलं. "म्या पण तेच म्हणलं. तर गप बसल्या. दिवा सुद्धा नाही लागला तिथं बुधवारपासनं. आता तुम्हीच सांगा, सणाच्या तोंडावर असं कुणी करतं का?"

आप्पांची बायको सुंदरामामी, तिचा देव्हारा आणि दिवा नाही. आप्पा पहिली निवडणूक लढले त्या दिवसांत घरात रॉकेल नव्हतं, तेव्हाही ती देवापुढे वात लावत होती, हे सगळ्या भाऊबंदांत सांगितलं जायचं.

"काल संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"तुमच्याच घरी की. मामींनी डबा दिला होता, तो द्यायला आले. चहा पाजला तुम्ही मला."

"हो, पाजला." हर्षदाला हसू आलं. पोलिसांपुढे आरोपीची साक्षीदार म्हणून वकिलालाच उभं राहावं लागणार होतं. "आणखी काही वेगळं झालं या चार-पाच दिवसांत? कितीही बारीक असू दे."

इंदुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पीठ कमी भरलं."

"कसलं पीठ?"

"रोटाचं. दरसाल मामी स्वतः जात्यावर दळतात अन् त्या पितळी डब्यात भरतात. दरसाल झाकण दाबून बसवावं लागतं, म्या गुडघा ठेवते वर. यंदा झाकण आपसूक बसलं."

हर्षदा उठता उठता पुन्हा बसली.

रोटाचे गहू बाजारातल्या गव्हासारखे मोजत नाहीत. कुळातला कर्ता पुरुष घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने एकेक मूठ घालतो. त्या पिठाच्या नैवेद्याच्या पोळ्या म्हणजे रोट; ते फक्त कुळातल्यांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आप्पा, भूपेंद्र, त्याचे दोन मुलगे, महेश आणि महेशचा मुलगा. सगळे जिवंत होते. सगळे धडधाकट होते. सकाळपासून एकमेकांवर ओरडत होते.

मग कुणाची मूठ कमी झाली?

३

महेशला तिने मंडपामागे गाठलं. तो खुर्च्या मांडणाऱ्या पोरांवर खेकसत होता.

"कानबाई बसली नाही तर निरीक्षक परत जातील, भूपेंद्रचं नाव जाहीर होणार नाही. तुझं काम झालं," ती सरळ म्हणाली.

"तायडी, डोकं चालव जरा. हे बॅनर बघ." बॅनरवर महेशचा हसरा चेहरा आप्पांपेक्षा मोठा होता. "पांडेसऱ्याहून चार बसेस मी मागवल्यात. निरीक्षकाला गर्दी दाखवायला. देवी बसली नाही तर ही गर्दी काय माझा चेहरा बघायला थांबेल?"

खरं बोलत होता. भूपेंद्रचंही तेच. दोघा भावांचं कशावर एकमत असेल तर कानबाई आज बसलीच पाहिजे यावर.

"खरं सांगू, आप्पांचंच काही ठीक नाही," महेश आवाज उतरवून म्हणाला. "बुधवारी बमरोलीच्या गणपतदादाची बायको गेली, पुष्पाबाई. पहिल्या निवडणुकीत भिंती रंगवल्या होत्या त्या माणसाने आपल्यासाठी. आप्पा गेले नाहीत. तिथली माणसं मला विचारतात, आप्पा आजारी आहेत का? मी काय सांगू?"

विधानसभेत आप्पा कधी काय बोलले ते उधन्यात कुणाला आठवत नव्हतं. रस्ते इतरांनीही केले असते. पण आपल्या घरातून तिरडी उठली तेव्हा आप्पांनी कोणत्या बाजूने खांदा दिला होता, ते घराघराला आठवत होतं. कुणाच्याही दारावर ते न बोलावता जायचे, खाली सतरंजीवर बसायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "काय झालं होतं?" त्या एका प्रश्नावर त्यांनी सात निवडणुका काढल्या होत्या. राजकारण म्हणा, माया म्हणा. दोन्ही इतकं मिसळलं होतं की वेगळं काढायला गेलं तर दोन्ही नासलं असतं.

ड्रायव्हर चिंधा गाडी पुसत होता. पुसलेलीच पुसत होता.

"चिंधा, बुधवारी आप्पा कुठे गेले होते?"

"मीटिंगला, ताई."

"कुठल्या?"

फडकं थांबलं. "माझ्या तोंडून नको ना, ताई."

"इंदुबाईला चार वाजता पोलीस नेणार आहेत."

चिंधाने वॉचमनच्या खोलीकडे पाहिलं. मग बोनेटकडे बघत बोलू लागला. "कोसाडला गेलो होतो. सरकारी आवासच्या बिल्डिंगी आहेत तिथे. तिथे आम्ही दरसाल जातो, कानबाईच्या सोमवारी. आप्पा फडक्यात बांधून काहीतरी नेतात, एका जिन्याने वर जातात, लगेच खाली येतात. यंदा बुधवारीच म्हणाले चल. हातात काही नव्हतं."

"मग?"

"कोपऱ्यावर थांबायला लावलं. काचा वर. समोरून मयत निघालं. जास्त माणसं नव्हती. मागून एक बाई येत होती, तिला दोघी धरून होत्या." त्याने फडकं पिळलं, त्यात पाणी नव्हतं. "आप्पांना मयत दिसलं की आम्ही गाडी थांबवून उतरतोच. इतक्या वर्षांची सवय. मी दार उघडायला उतरणार, तर म्हणाले बस. मी म्हटलं, आप्पा, उतरायचं नाही? तर म्हणाले, ह्याला मी ओळखत नाही, चिंधा."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर मागच्या नळाखाली बसले. कपड्यांसकट. मयतावरून आल्यावर बसतात तसे. मामी खिडकीत उभ्या होत्या."

४

सुंदरामामी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुरणाची डाळ भिजवलेली नव्हती, भाजीचं गंगाफळ चिरलेलं नव्हतं. घरात इतकी माणसं सकाळपासून चोर शोधत होती, पण चूल थंड आहे हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

हर्षदाने फळीवरचा पितळी डबा काढून तिच्यापुढे ठेवला, झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. ते अलगद बसलं.

"बठ माय," मामी म्हणाली. घरात ती अहिराणीच बोलायची. मराठी पाहुण्यांसाठी आणि सभेसाठी. हर्षदाशी बोलताना दोन्ही एकात एक यायच्या.

"माझ्या लग्नाच्या आदल्या साली," हर्षदा म्हणाली, "मामा गहू घालत होते आणि मी शेजारी बसून मोजत होते. म्हटलं, मामा, एक मूठ जास्त झाली. तर म्हणाले, ती देवीची. मला खरं वाटलं."

"देवीनी मूठ आपला कुळमा कधीच नव्हती," मामी म्हणाली. "माले त्याच साली समजनं."

"तू विचारलं नाहीस?"

"दुसऱ्या निवडणुकीचं साल होतं ते. दारात गाड्या, घरात माणसं. काय विचारू? दळलं. रोट केला. तो जास्तीचा रोट सोमवारी फडक्यात बांधून कुठे जातो, तेही विचारलं नाही. ह्या माणसाने सगळं गावाला वाटलं, माय. माझी भांडीकुंडी, माझ्या साड्या, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी. पण रोट कधी बाहेरच्याला दिला नाही. म्हणजे खाणारा कुळातलाच. दरसाल मूठ पडली की मी म्हणायची, आहे. कुठेतरी पोरगा आहे, मोठा होतोय."

"आणि यंदा पडली नाही."

मामीने मान हलवली. "बुधवारी नळाखाली बसलेले बघितले तेव्हा वाटलं, कुणा कार्यकर्त्याकडचं असेल. पण दाढी केली नाही. पलंगावर झोपले नाहीत, खाली सतरंजी टाकली. म्हणाले पाठ दुखते. मी दिवा बंद केला. तरी मन म्हणे, नसेल तसं. गुरुवारी गहू घालायला बसले. मी सूप धरून होते. महेशच्या पोराची मूठ घातली आणि हात झटकले." तिने डबा बाजूला सरकवला. "घरमा सुतक शे, हर्षदा. मूठ कुळमा घेतली तर सुतकबी कुळनं. कानबाई कशी बठाडू?"

"म्हणून तू नारळ काढलंस."

"पदरात धरून काढलं. हात नाही लावला. ह्या घरात ठेवायची नाही, भाऊबंदांकडे ठेवायची नाही. सुतक सगळ्यांनाच. दुसऱ्या कुळातली, पण आपली, अशी एकच होती."

हर्षदाला काल इंदुबाईने आणलेला स्टीलचा डबा आठवला. सोमवारनंतर मागून घेते, उघडू नको, उंचावर ठेव, असा निरोप होता. तो तिच्या देवाच्या फळीवर होता. सकाळी घाईत तिने त्याच्यावर अगरबत्तीचा पुडा ठेवला होता. नवरा विसरून गेलेलं, बोरश्यांचं नसलेलं ते आडनाव पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं.

"मामी, इंदुबाई तिकडे बसलीय. तुझ्यामुळे."

"ठाऊक आहे." मामीचे हात मांडीवर उताणे पडले होते. "भूपेंद्रला मी सांगितलं, ती नाही. तो म्हणाला, मग कोण? मी गप्प बसले. चार वाजेपर्यंत हे बोलले नाहीत तर मी बोलणार. पण मी बोलले तर ते बायकोचं गाऱ्हाणं होईल. त्यासनी सांगाले पाहिजे व्हतं. त्यांचा पोरगा, त्यांच्या तोंडून जाऊ दे."

बाहेर पोलिसांच्या गाडीचा हॉर्न वाजला. साहेब वेळेआधीच आले होते.

५

हर्षदा आप्पांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"मामा, नारळ माझ्याकडे आहे. रिक्षाने जाऊन आणते. मीच काल न्यायला लावलं होतं असं सांगते, नव्या नथीचं माप घ्यायला. इंदुबाई सुटेल, आरती होईल, भूपेंद्रचं नाव जाहीर करा. कुणाला काही कळणार नाही." तिने वॉचमनच्या खोलीकडे पाहिलं. "इंदुबाई सुटली तर मामी पण बोलणार नाही. आणते का?"

आप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"सुंदराला कसं कळलं?"

"मुठीवरून."

त्यांनी आपला उजवा हात पाहिला. या हाताने किती फिती कापल्या असतील, किती हात दाबले असतील. "घालणार होतो मी. म्हटलं, कुणाला काय कळतंय, एक मूठ तर घालायचीय. हातच उचलला नाही गं. मेलेल्याच्या नावाने रोट कसा घालायचा?" मग म्हणाले, "कावीळ झाली होती. त्याच्या आईचा फोन आला होता, सिव्हिलला न्यायचंय म्हणून. मी गांधीनगरला होतो. म्हटलं, उद्या माणूस पाठवतो."

मंडपाच्या बाजूने भूपेंद्रचा आवाज आला. तो वॉचमनच्या खोलीकडे निघाला होता, पाठोपाठ पी.आय. साहेब. इंदुबाई उंबऱ्यात उभी राहिली होती, दोन्ही हातांनी चौकट धरून.

आप्पा उठले. हर्षदाला वाटलं ते तिला म्हणतील, आण. ते तिच्या शेजारून मंडपात गेले आणि स्पीकरवाल्याकडून माईक घेतला. गाणं मधेच तुटलं.

"इंदुबाईला सोडा," ते म्हणाले. "चोरी झालेली नाही. माझ्या घरात सुतक आहे. कानबाई बसणार नाही."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी हातातल्या आरत्या खाली ठेवल्या. कुणीतरी विचारलं, कोण गेलं? आप्पांना सवय होती ती हा प्रश्न विचारण्याची.

"माझा मुलगा."

सगळ्यांनी भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्रने स्वतःकडे पाहिल्यासारखं केलं. "पपा, शुं बोलो छो? काय बोलताय हे?"

"कोसाडला होता," आप्पा माईकमध्येच म्हणाले. "बुधवारी गेला. मी खांद्याला गेलो नाही. गाडीत बसलो होतो."

माईक त्यांनी जपून स्टँडवर ठेवला. महेश फोन कानाला लावून गल्लीच्या टोकाला गेला आणि निरीक्षकांच्या गाडीला तिथूनच मागे वळवलं. बसेस निघाल्या. बायका उठल्या, कुजबुजत, एकमेकींच्या आड तोंड लपवत. पी.आय. साहेबांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. इंदुबाई स्वयंपाकघरात गेली आणि रडायच्या आधी तिने चूल पेटवली, पाणी ठेवलं.

दिवेलागणीला मंडपात फक्त खुर्च्या होत्या. भूपेंद्र वर खोलीत दार लावून बसला होता. सात निवडणुकांत आप्पा ज्यांच्या ज्यांच्या दारावर गेले होते ती माणसं आपापल्या घरी होती. ह्या मयताला जायचं की नाही, ह्याचा विचार करत असावीत. असं मयत आधी कुणी पाहिलं नव्हतं.

मामी आतून सतरंजी घेऊन आली. ती तिने ओट्यावर अंथरली, हाताने सुरकुत्या काढल्या आणि एका कडेला बसली. आप्पा दुसऱ्या कडेला बसले. मधे मोठी जागा रिकामी राहिली. हर्षदा उंबऱ्याच्या आत थांबली. ही जागा तिची नव्हती.

अंधार पडता पडता गल्लीत एक म्हातारा आला. अंगात बंडी, दाढी वाढलेली, चप्पल हातात. बमरोलीचा गणपत. बुधवारी त्याची पुष्पाबाई गेली होती आणि आप्पा त्याच्या दारावर गेले नव्हते. सुतकातला माणूस दुसऱ्याकडे जात नाही. पण सुतकातून सुतकात यायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती.

तो सतरंजीवर मधोमध बसला. मग त्याने आप्पांकडे न बघता, आप्पांच्याच हळू आवाजात विचारलं, "काय झालं होतं?"

आप्पांचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

सुंदरामामीने त्या मुठीकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने फक्त मूठच पाहिली होती.

"त्यानं नाव काय व्हतं?" तिने विचारलं.